खाली जायची तयारी

मी लहानपणापासून संशयी. कोणी उगाच लाड करायला लागलं की माझे कान टवकारतात. शाळेत घालायच्या आधीच्या उन्हाळ्यात तर घरात सगळेच माझ्याशी गोड बोलत होते, तेव्हाच मला काहीतरी काळंबेरं वाटायला लागलं.

आम्ही चिखल्याच्या कॉलनीत राहायचो. बाबा मँगनीजच्या खाणीत, जमिनीखाली कामाला. घरात बूट, डबा आणि पाण्याची बाटली फक्त त्यांचीच. खाली उतरताना ते नंबराचा बिल्ला घेत, वर आले की परत करत. बाबा मोठे होते, त्यांचं ठीक होतं. मला अंधाराची भीती वाटायची.

आणि आता तुमसरच्या बाजारातून माझ्यासाठी काळे बूट आले, पाठोपाठ डबा आणि बाटलीही. गावच्या शाळेतली पोरं चपला फटकारत जायची, मग मलाच बूट कशाला? आई रोज दुपारी मला ते घालून ओसरीवर बसवायची, डबा उघडायला लावायची. रांग सोडायची नाही, घंटा होईपर्यंत जागचं हलायचं नाही, असं बजावायची. कुठं जायचं म्हणून विचारलं की "शाळेत" म्हणायची आणि जरा जास्तच हसायची. शेजारची काकू माझा गाल धरून म्हणाली, "जाय आता. मजा सरली तुही." माझी खात्री पटत चालली.

शाळेच्या आदल्या संध्याकाळी आईनं माझ्या फ्रॉकवर नावाचा पुठ्ठ्याचा बिल्ला टाचून बघितला, तेव्हा माझा धीरच सुटला. बूट भिरकावून मी खाटेखाली शिरले.

"मले नाही जायचं खाली!"

"खाली कुठं?" आई चक्रावली.

नुकतेच पाळीवरून आलेले बाबा खाटेजवळ जमिनीवर बसले. मी त्यांना सगळे पुरावे सांगितले. आई तोंडाला पदर लावून हसायला लागली. बाबा नाही हसले.

"खाली लहान पोरायले घेतच नाही," ते म्हणाले. "शाळा वर आहे. मोठ्या खिडक्या आहेत, उजेड आहे. तिथं कोनाच्या डोक्यावर दगड पडत नाही."

"तुमी पाहून आले?"

"पाहून आलो."

मी बाहेर आले. बाबा खोटं बोलत नाहीत हे मला माहीत होतं. म्हणूनच त्यांचं शेवटचं बोलणं मनात अडकून बसलं.

"खाली पडते दगड?"

ते उठून माझे भिरकावलेले बूट गोळा करायला लागले.

"मंग तुमी कायले जाता?"

बाबांनी आईकडे बघितलं. तिचं हसू थांबलं होतं. "जेवाले वाढ," ते तिला म्हणाले.

दुसऱ्या दिवशी वर्गात खरंच मोठ्या खिडक्या होत्या. नवी पोरं आईसाठी रडत होती. मी बाबांसाठी रडत होते. ते त्या वेळी खाली होते. बाईंनी माझे डोळे पुसले आणि म्हणाल्या, "येईल हं आई, आत्ता येईल."