मामूने दिलेला साचा

मामूच्या उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट कायम काळं असायचं. नमाजाआधी तो हातपाय धुवून वजू करायचा, साबण घासायचा, तरी नखांच्या कडेचा काळेपणा जात नसे. दोह्याच्या इंडस्ट्रियल एरियातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये नवा माणूस आला की त्याला वाटायचं, ग्रीस आहे. ते ग्रीस नव्हतं. मेणबत्तीची काजळी होती.

मामू रत्नागिरीकडच्या खाडीवरचा, आमच्या कंपनीत फिटर. वयाने सगळ्यांत मोठा, म्हणून नेपाळी, फिलिपिनो सगळे त्याला मामूच म्हणत. मी तिथे स्टोअरकीपर. चिपळूणचा, म्हणजे त्याच्या मते घरचाच. मला तो भाच्या म्हणायचा. शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की शेडमागच्या सावलीत गॅसच्या शेगडीवर तो शिसं वितळवायचा. टायरवाल्यांकडून आणलेली चाकांची जुनी वजनं. त्यातून गळाच्या दोरीला बांधायच्या गोळ्या ओतायचा, बंदुकीच्या गोळीसारख्या निमुळत्या, टोकाशी तारेची कडी. अल खोरच्या समुद्रात हमूर मासा धरायला जाणारे आमचे लोक त्याच्याच गोळ्या वापरत. तळाच्या खडकात गोळ्या अडकून तुटत आणि पुढच्या शुक्रवारी पुन्हा लागत.

ओतणं कुणालाही जमतं, असं तो म्हणायचा. खरं काम गोळी सुटण्याचं. साचा उघडला की ती आपल्या वजनाने खाली पडली पाहिजे. साचा गार असला तर गोळीला सुरकुत्या पडतात, आत तेलाचा थेंब राहिला तर खड्डे. म्हणून आधी साचा तापवायचा, मग त्याच्या पोटात मेणबत्तीची काजळी धरायची, इतकी पातळ की खालचं लोखंड दिसावं. पहिली गोळी कितीही देखणी निघो, तो ती परत कढईत टाकायचा. "पहिली साच्याची. माणसाची दुसरीपासून."

हे सगळं मी पुष्कळांना कौतुकाने सांगितलंय. पुढचं कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

मला हे काम शिकायचं होतं. दिवसभर दुसऱ्यांनी बनवलेले नटबोल्ट मोजून देणाऱ्या माणसाला आपल्या हाताने काहीतरी घडवावंसं वाटतं, एवढंच. मामूने माझ्यासाठी स्वतः एक साचा बनवला. दोन भाग, बिजागरी, लांब लाकडी दांड्या. ईदच्या दुसऱ्या दिवशी शिरखुर्म्याच्या डब्याबरोबर तो माझ्या हातात ठेवला. मला भरून आलं होतं.

त्या साच्यातून माझी गोळी कधी सुटली नाही. तापवून पाहिलं, गार करून पाहिलं, काजळी जाड धरली, पातळ धरली. गोळी आतच चिकटून बसायची. मग मामू साचा घ्यायचा, वारा लागू नये म्हणून पाठ करून उभा राहायचा, बिजागरीवर लाकडी मोगरीने एकदा हलकं टकटक करायचा, आणि गोळी फडक्यावर पडायची. एकदा वैतागून मी साच्यावरच मोगरी हाणली, तेव्हा तो खरंच रागावला. "जनावर हायस काय? साच्याला मारायचा नसतो. बिजागरीला सांगायचा असतो."

त्या दिवशी त्याने माझा तळहात उलटा केला, काळ्या अंगठ्याने दाबून पाहिला आणि डॉक्टरसारखा म्हणाला, "तुझे हात ओले हायत, भाच्या. शिशाला ओला माणूस चालत नाय. तुझा दोष नाय. अल्लाने दिले तसे."

ऑगस्टमध्ये दोह्यात कुणाचे हात कोरडे असतात? आणि लांब लाकडी दांड्यांवरून घाम साच्याच्या पोटात पोचणार कसा? हे विचारायचं मला सुचलं नाही. मी त्याच्यावर विश्वास ठेवला. टाल्कम पावडर चोळायला लागलो. मुलगा म्हणायचा, "बाबा, यू स्मेल लाइक अ बेबी." ऑफिसात कुणाशी हात मिळवण्याआधी मी तळवा पँटला पुसायचो. गल्फमध्ये आलो तेव्हा घाबरट नव्हतो. हाताच्या बाबतीत झालो.

आणि दर शुक्रवारी साचा घेऊन त्याच्याकडे जात राहिलो. अल हिलालच्या आमच्या फ्लॅटमध्ये बायको म्हणायची, एक सुट्टीचा दिवस, तोही त्या म्हाताऱ्याला. मुलाला समुद्रकाठी कॉर्निशवर न्यायचं राहून जायचं, पुढच्या शुक्रवारी इन्शाल्ला. मामू मला बघून दर वेळी तेच म्हणायचा, "आलास? मला वाटला, आज येनार नाय." त्याच्या शेजारी सुलेमानी चहाचे दोन ग्लास आधीच भरलेले असायचे.

मग त्याचं कायमचं गावी परत जायचं ठरलं. निरोपाला वर्कशॉपमध्ये बिर्याणी होती, माझं भाषणही होतं. सगळ्यांना वाटलं होतं, शिशाचं काम तो मला देणार. मलाही. त्याने कढई, पळी आणि सगळे साचे साताऱ्याच्या संभाजीला दिले, आमच्या लेथवाल्याला, ज्याने कधी गळ पाण्यात टाकला नव्हता. "भाचा माझा जीव हाय," तो सगळ्यांदेखत म्हणाला, "पन त्याच्या ओल्या हातात शिसा टिकनार नाय." लोक हसले. मीही हसलो, आणि टाळ्या वाजवल्या.

काही महिन्यांनी मी माझा साचा संभाजीकडे नेला. म्हटलं, वितळवून टाक, माझ्या कामाचा नाही. त्याने तो उजेडात धरला, आतून नख फिरवलं, मग भिंग घेऊन पाहिलं.

"दादा, आत कड उठलीया."

"झिजला असेल."

"झिजल्यालं न्हाई ह्ये. मुद्दाम पंच ठोकून उठवलीया. आन् तिरका मारलाय, मामू मारायचा तसा." त्याने साचा डावीकडे कलवून दाखवला. "असं धरलं की गोळी सुटती. ज्याला ठावं हाय त्याची."

पॉलिश पेपरने त्याने ती कड घासली. शेगडी पेटवली. मी पावडर न लावता ओतलं. पहिली गोळी कढईत परत टाकली, सवयीने. दुसरी साचा उघडताच पडली. तिला मोगरी लागली नाही, काहीच लागलं नाही. मला आनंद झाला नाही. इतकी वर्षं कुणीतरी आपल्या पाठीमागे उभं राहून हसत होतं, असं वाटलं.

त्या शुक्रवारी मामूचा फोन आला. गेल्यापासून दर शुक्रवारी यायचा, आणि पहिला प्रश्न ठरलेला. "गोळी सुटते काय रे?"

"सुटते," मी म्हणालो. "आतली कड संभाजीने घासून काढली."

तो म्हणाला, "मग शुक्रवारी आता जातोस कुठे?"

बोलायला मी पुष्कळ ठरवून ठेवलं होतं. मी फोन ठेवला.

असं लिहिलं की वाटतं, माणूस गेला. मामू आहे. शुक्रवारी जुम्म्यानंतर त्याचा फोन अजून वाजतो, मी उचलत नाही. दोन ग्लास आधीच का भरलेले असत, हे मला कळत नाही असं नाही. त्याने मागितले असते तर मी शुक्रवार दिले असते. त्याने मागितले नाहीत. माझे हात वाईट ठरवून ते काढून घेतले. ते मला माफ करता येत नाही, आणि वाजणारा फोन ऐकत बसल्याचं ओझंही उतरत नाही.

शेडमागे हल्ली मी आणि संभाजी मिळून ओततो. लोक म्हणतात, गोळ्या मामूपेक्षा सुबक निघतात. पण दांड्या धरण्याआधी मी तळवे पँटला पुसतो, एकदा, पुन्हा एकदा. संभाजी बघतो.

"दादा, कोरडंच हायती की."

मला माहीत आहे. तरी पुसतो.