ओव्हनमधलं कायटोसान

"सप्लायर बदला," मॅनेजर देसाई म्हणाले. "आजच."

समोरच्या बीकरमध्ये गढूळ पाणी, तळाशी गाळ. सलग तिसरी बॅच फेल.

मी बोईसरच्या एका छोट्या लॅबमध्ये केमिस्ट आहे. काम ऐकायला भारदस्त. कोळंबीच्या सालांपासून कायटोसान काढायचं आणि त्याचे केसाच्या जाडीपेक्षा शेकडो पटींनी बारीक कण बनवायचे. हे नॅनोपार्टिकल. लाडवात बेदाणा असतो तसं त्यात औषध असतं. कण आतड्याच्या अस्तराला चिकटतो, औषध हळूहळू सोडतो. पण त्यासाठी कायटोसान आधी सौम्य आम्लात स्वच्छ विरघळायला हवं. आमचं विरघळतच नव्हतं.

सालं सातपाटीच्या हिरामावशी पुरवायच्या. त्यांच्यासोबत कोळंबी सोलणाऱ्या सहा बायका. ऑर्डर गेली तर सगळ्यांचं काम जाणार. मी मात्र रिपोर्टमध्ये ठणकावून लिहिलं होतं, 'कच्चा माल निकृष्ट.' खाली सहीसुद्धा झोकात केली होती.

मावशींना बोलावून घेतलं. त्यांनी ट्रेमधले कायटोसानचे पिवळट तुकडे चिमटीत धरले.

"हे आमच्या सालाचं?"

"हो. धुऊन, साफ करून, सुकवून."

"सुकवून नाय, सायेब. भाजून! आमी जवळा असा तापवला तर गिऱ्हाईक तोंडावर फेकील."

देसाईंनी माझ्याकडे बघितलं. मी ओव्हनकडे.

कबूल करतो. सुकवायचं पन्नास अंशांवर, हे भिंतीवरच लिहिलं होतं. पण शर्टांच्या वासावरून बायको रोज विचारायची, "आज कुठल्या बोटीवर होतात?" वास मरावा म्हणून जेवायला जाताना मी आकडा एकशेतीसवर नेत होतो. इतक्या उष्णतेने कायटोसान बिघडतं, मग विरघळत नाही. हे मीच ट्रेनींना शिकवतो.

मावशींच्याच पोत्यातली सालं पुन्हा घेतली. या वेळी पन्नास अंश, आणि आकड्याला मी हात लावायचा नाही, अशी देसाईंची ऑर्डर. चौथ्या दिवशी तुकडे पांढरे, द्रावण स्वच्छ, आणि कण मोजणाऱ्या मशीनवर एकच नीटस शिखर, म्हणजे सगळे कण जवळपास एकाच मापाचे.

"मग सप्लायरचं काय?" देसाईंनी मुद्दाम विचारलं.

"सप्लायर ठीक आहे, सर. केमिस्टवर लक्ष ठेवा."

रिपोर्ट मी पुन्हा लिहिला. या वेळी सही जरा साधी.

मालाला नावं ठेवण्याआधी आपण त्याचं काय केलं ते बघावं, एवढं शिकलो. वास अजून तसाच आहे. माझे शर्ट गॅलरीत वेगळ्या दोरीवर वाळतात. सावलीत, न भाजता.