पांढऱ्यातला निळा

लग्न सेलूत असो नाहीतर पालमला, स्टेजची लायटिंग बहुतेक माझी. माझ्या उजेडात नवरी उजळून निघते असं लोक म्हणायचे, आणि मलाही ते खरं वाटायचं. कुणी काही सुचवलं की माझं डोकं फिरायचं.

गंगाखेडच्या एका लग्नात नवरीच्या वडिलांनी एकच गोष्ट सांगितली होती. ते शाळेत मास्तर. म्हणाले, "आमचं बौद्ध पद्धतीचं लगीन हाय. पोरगी पांढरी साडी नेसनार. उजेड पांढराच ठेवा." मी मान डोलावली.

दुपारी नवरी स्टेजवर आली आणि मला कसंतरीच झालं. आमच्या घरात पांढरं लुगडं नवरा गेलेल्या बाईचं. लग्नाच्या दिवशी पोरीच्या अंगावर हे बरं दिसत नाही, असं मीच ठरवून टाकलं. मला विचारलं होतं कुणी? आमच्या दिव्यात लाल, हिरवा, निळा असे तीन रंग असतात. तिन्ही चढवले की पांढरा उजेड पडतो. मी हळूच निळा उतरवला. साडी पिवळसर झाली. पोरीचं भलं केलं, असं वाटून मी खूशही झालो. आज ते आठवलं की स्वतःचीच किळस येते.

बुद्धवंदना झाल्यावर मास्तर माझ्यापाशी आले. "साडी पिवळी दिसायलीय. निळा बंद पडला का?"

"व्होल्टेज लय कमी हाय, सर," मी थाप मारली.

त्यांना ती खरी वाटली. वर म्हणाले, "असू द्या, तुमी जेवून घ्या." मग तर निळा चढवायची सोयच राहिली नाही, थाप उघडी पडली असती. लग्न उरकेपर्यंत मी तो तसाच उतरवलेला ठेवला.

फोटोवाल्यानं नंतर पुष्कळ खटपट केली. पण स्टेजच्या एका अंगाला मोठी खिडकी होती. तिकडून दिवसाचा निळसर उजेड, इकडून माझा पिवळा. पिवळेपणा काढायला गेलं की खिडकीकडची बाजू निळी पडायची. शेवटी त्यानं हात टेकले.

वर्षभरानं मास्तरांनी मलाच घरी बोलावलं, धाकट्या मुलाच्या लग्नासाठी. बैठकीच्या खोलीत मुलीच्या लग्नाचा एकच फोटो लावला होता, काळापांढरा. मी बघतोय हे पाहून मास्तरांच्या बायकोनं सांगितलं, "रंगीतमधी साडी पांढरी निघंना. पोरगी लय रडली. मग असा करून घेतला."

माझ्या हातात त्यांनीच दिलेला चहा होता. खरं काय ते सांगून टाकायचं तर ते तेव्हाच. तोंड उघडलंही होतं मी.

तेवढ्यात मास्तर म्हणाले, "यंदा जनरेटर आनू आपन. व्होल्टेजपायी तुमाला तरास नको."

मी बरं म्हणालो.