पडद्यावरचे हात

आमच्या ह्यांनाही हे ठाऊक नाही, म्हणजे मग दुसऱ्या कोणाला मी सांगितलं असणार? ते आत पेपर वाचतायत, तोवर तुम्हाला सांगून टाकते. काही दुखतंय-खुपतंय म्हणून नव्हे हो. आमचं छान चाललंय. मुलं मार्गी लागली, गुडघे सोडले तर तक्रार नाही. पण एवढं सुख आलं, ते कुठल्या दारानं आलं — हे माझं मला माहीत आहे.

सत्तर सालानंतरचे दिवस. मी लोणावळ्याची. तळेगावच्या बाजूला, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरच्या एका कारखान्यात लागले होते. तिथं कॉम्प्युटर आला होता! म्हणजे काय, तर खोलीभर लोखंडी कपाटं, आणि आमच्यापेक्षा त्यांनाच गारवा जास्त. त्या यंत्राला काही सांगायचं तर जाड कार्डांना भोकं पाडून सांगायचं. साहेब लोक कागदावर प्रोग्रॅम लिहायचे. आम्ही मुली टाइपरायटरसारख्या मशीनवर बसून त्याची एकेक ओळ एकेका कार्डावर पंच करायचो. एक भोक चुकलं की सगळा प्रोग्रॅम अडलाच.

माझ्या शेजारच्या मशीनवर शकू. जवळच्याच वराळे गावची. तिची आई द्रौपदामावशी दुसऱ्यांच्या भातखाचरांत मजुरीला जायची. शकूचं कार्ड कधी परत यायचं नाही. आणि माझी? जाऊ द्या, रद्दीची टोपली माझीच भरायची.

तर मुंबईहून डॉक्युमेंटरी काढणारी माणसं आली. देशात कॉम्प्युटर कसा आला, असला काहीतरी विषय. त्यांनी मशीनपुढे मला बसवलं. का? गोरी होते, नाकीडोळी नीटस होते — दुसरं काय! पण ते भगभगीत दिवे लागले आणि माझी बोटंच चालेनात. चुकांवर चुका. शेवटी त्यांचा डायरेक्टर वैतागून म्हणाला, चेहरा हिचा घ्या, हात त्या मुलीचे घ्या. माझ्या बांगड्या काढून शकूच्या हातात घातल्या. शकू हसून म्हणाली, "बरं झालं बाई, तोंडाला पावडर न्हाई फासावी लागली."

इथवर माझी काही चूक नव्हती. की होती? मी त्या बांगड्या किती पटकन काढून दिल्या!

पुढं ती डॉक्युमेंटरी लोणावळ्याच्या थेटरात लागली. तेव्हा पिक्चरच्या आधी असलं काहीतरी दाखवायचेच, आणि लोक तेवढ्या वेळात शेंगा सोलून घ्यायचे. महिनाअखेरच्या पगाराची कार्डं होती म्हणून शकूला कामावर थांबवलं, तेव्हा मावशीला मीच घेऊन जायचं ठरलं. बिचारी धुवट लुगडं नेसून एस.टी.नं आली. लेकीचं काम बघायला.

आणि नेमके त्याच खेळाला हे आले होते, त्यांच्या आत्याबाईंना घेऊन. बघण्याचा कार्यक्रम झाला होता, होकार अडला होता. मला हे आवडले होते — खोटं कशाला बोलू, अगदी जीव अडकला होता. पण आत्याबाईंना शंका होती, मुलगी कामाची आहे की नुसतीच दिसायला बरी. बाईंची पारख चोख होती म्हणा!

पडद्यावर माझा चेहरा आला, मागून शिट्टी पडली. मग हात आले. पडदाभर हात! कार्ड सरकतंय, बोटं पडतायत, कुठं अडखळणं नाही. मावशी खुर्चीच्या कडेला सरकून बघत होती.

इंटरव्हलला बाहेर सोड्याच्या गाडीपाशी आत्याबाईंनी गाठलंच. "काय गं बाई हात चालतात तुझे!" म्हणाल्या. हे शेजारी उभे. मी नुसती हसले. तेवढ्यात मावशीनं माझा दंड धरला.

"पोरी, ते हात आमच्या शकूचे व्हते न्हवं? लावणीला रोपं अश्शीच टाकती ती. म्या वळखलं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. हेसुद्धा. हो म्हणायला कितीसा वेळ लागतो? काय झालं असतं — फार तर हे गेले असते. फार तर! तेव्हा मला तेच नको होतं.

मी म्हणाले, "नाही हो मावशी, माझेच ते. माझ्या बांगड्या नाही का दिसल्या?"

"आसंल बाई," मावशी म्हणाली, "माजी नजर बी आता धड न्हाई." उरलेला पिक्चर न बघताच ती एस.टी.ला निघून गेली. मी आत जाऊन बसले. आणि सांगू? पिक्चर मला आवडला.

लग्न ठरलं. शकूनं तो विषय कधी काढला नाही. तिला आईनं सांगितलं की नाही, हेही मला माहीत नाही. ती पुढं स्वतःच प्रोग्रॅम लिहायला शिकली, पुण्याला चांगल्या पगारावर गेली; तिचं झकास झालं. पण मावशी माझ्या लग्नाला आली होती. तिनं माझे दोन्ही हात हातात घेतले, उलटेसुलटे करून बघितले — चांगला बराच वेळ. मग कानशिलावर कडाकडा बोटं मोडून म्हणाली, "सुखी ऱ्हा." तिला कळलं होतं. तिला कळलंय हे मलाही कळलं. मी वाकून नमस्कार केला आणि पुढच्या पाहुण्यांकडे वळले.

सुखी राहिलेच की मी. अजून घरी कोणी आलं की हे कौतुकानं सांगतात, हिचे हात बघून आत्यानं होकार दिला. मी चहाचा कप पुढं करते, आणि त्याच हातांकडे पाहुणे बघतात.

मावशी जाऊन बरीच वर्षं झाली. तिनं विचारलं होतं, त्याचं उत्तर द्यायचं राहिलंय.

व्हय, मावशी. ते हात तुमच्या शकूचेच होते.