ओटीचा नारळ आणि पडद्यावरचं भूत

आमच्या लाडक्या विनोदी भुताच्या सिनेमाचा दुसरा भाग कैक वर्षांनी चंदीगडला लागला. दिवस बाँबच्या धास्तीचे, पण घरात तरी किती कोंडून घ्यायचं? आई हळदीकुंकवाहून थेट थिएटरवर आली. मध्यंतरात ती ओटीची पिशवी खुर्चीखाली ठेवून चहाला उठली आणि मागून कुणीतरी ओरडलं, "बम!" क्षणात थिएटर रिकामं. पोलिसानं लांबूनच काठीनं पिशवी उलटी केली. तांदूळ सांडले, खण पडला, नारळ गडगडत गेला. आई कडाडली, "अहो, ओटी आहे ती!" आता पंजाबी पोलिसाला ओटी कोण समजावणार? त्यानं घाम पुसला. आईनंच फर्मावलं, "अब फोडो!" पायरीवर नारळ फुटला, सगळ्यांना वाटला गेला. मग पडद्यावर भूत आलं, तेव्हा खोबरं चघळत आम्ही खो-खो हसलो. घाबरायचं आधीच उरकलं होतं.