मध्यंतरानंतरचा पिक्चर

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना तर नाहीच. गावात माझ्याएवढा बोलणारा माणूस दुसरा नाही, सगळे म्हणतात — आणि तरी एवढं एक बोललो नाही. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, म्हणून कदाचित तुमच्याजवळ जमेल. बघू.

आधी जरा चिडू द्या. चिडलो की माझी जीभ सैल होते.

पिक्चर उचलायचा आणि स्टेजवर आणून ठेवायचा — हे खूळ काढलं कुणी? नायगावच्या खाडीकडचं आमचं गाव. नवरात्रात देवीपुढं संगीत नाटक व्हायचं, पेटीवर मी. शाळा चौथीपर्यंत, पण पेटीपुढं बसलो की बीए-एमए झालेले गप्प बसायचे. मग केबल आली, भाड्याचे व्हीसीआर आले, आणि नाटक कुणाला नकोसं झालं. सत्याण्णव-अठ्ठ्याण्णवचं साल असेल. मंडळानं स्पर्धाच लावली — तीन आळ्या, तीन पिक्चर, गाण्यांसकट स्टेजवर करून दाखवायचे. परीक्षक कोण? अण्णा. म्हणजे मी.

काय काय सोसलं मी त्या दिवशी! मधल्या आळीच्या हिरोनं खरी मोटरसायकल वर चढवली. वळवायला जागा कुठे? चौघांनी ती उचलून वळवली, आणि हा वर बसून प्रेमगीत म्हणतोय. धुरानं हिरॉइन खोकून खोकून बेजार. वरच्या आळीनं पाऊस पाडला — मांडवाच्या बांबूंवर दोघं चढलेले, हातात वाफ्याला पाणी घालायच्या झाऱ्या. अर्धं पाणी तबल्यावर. तबलजी आईबहिणीवरून शिव्या देत उठला तर लोकांनी त्यालाच वन्समोअर दिला. आणि गाणी सगळी टेपवर! पोरींनी नुसती तोंडं हलवायची. टेप अडकली तेव्हा एक बिचारी तोंड उघडं ठेवून तशीच उभी, दाताच्या दवाखान्यात असल्यासारखी. ह्याला संगीत नाटक म्हणायचं?

तिसरं होतं खालच्या आळीचं. ते — ते चांगलं होतं.

चांगलं कसलं, मी जन्मात स्टेजवर पाहिलेलं सगळ्यात उत्तम होतं. हे वाक्य बाहेर यायला पंचवीस वर्षं लागली.

ते बसवलं होतं पद्माकरनं. माझ्या चुलतभावाचा मुलगा, वसईला कारखान्यात होता. पिक्चर त्यानं जुना निवडला, कृष्णधवल, त्याच्या जन्माआधीचा. का निवडला? तर लहानपणी माझ्या तोंडून ऐकला होता म्हणून. मी तो पिक्चर ओट्यावर बसून साऱ्या गावाला इतक्यांदा सांगितला होता की थेटरात न जाता लोकांना पाठ. बायकोला टाकून नवरा परमुलखी जातो, ती एकटी घर धरून राहते, आणि शेवटी तो परत येतो. मग ती रडत दार उघडते, त्याचे पाय धुते. इथं माझा आवाज असा काही लागायचा की म्हाताऱ्या पदर डोळ्यांना लावायच्या.

बायकोचं काम पद्माकरच्या बायकोनं केलं, सुमननं. आमच्या गावातली सून स्टेजवर जायची ही पहिलीच वेळ. सासू — माझी वहिनी — तयार नव्हती. पंधरा दिवस घरात धुसफूस. शेवटी म्हणाली, पिक्चरमध्ये असेल तेवढंच करायचं, वरचा एक शब्द नाही. सुमननं देवीपुढं तसं कबूल केलं, तेव्हा तिला सोडली.

आणि काय गायली हो! टेप नाही, काही नाही. स्टेजवर नुसतं एक दार उभं केलेलं. पलीकडं नवरा कडी वाजवतोय. ही दाराला पाठ लावून उभी, आणि गाते. चाल पद्माकरची. गाऊन झालं, तरी ती दार उघडत नाही. तो वाजवतो, थांबतो, निघून जातो. ती तिथंच. पडदा.

माणसं टाळ्या वाजवायला विसरली. माझ्या अंगावर काटा आला — आणि लगेच डोळे वहिनीकडं गेले. कारण मी सांगितलेला शेवट हा नव्हता.

बायकांच्या बाजूनं वहिनी उठली. "अन्ना भावोजी, ह्या असा पिक्चरमधी हाय का? तुमीच सांगा."

सगळं मैदान माझ्याकडं बघतंय. माइक माझ्या हातात.

आता ऐका. विड्याच्या पानांच्या टोपल्या घेऊन मी दादरला जायचो तेव्हाची गोष्ट. एका दुपारी त्या पिक्चरला बसलो. मध्यंतरात बाहेर आलो टोपल्या बघायला, आणि तिकिटाचा तुकडा कुठं पडला कुणास ठाऊक. दारावरचा माणूस आत सोडेना. मी काय त्याच्या पाया पडणार? मी? तसाच टोपल्या उचलून घरी आलो. आणि घरी येऊन सांगितला तो पिक्चर — पुरा सांगितला. मध्यंतरानंतरचं सगळं माझ्या डोक्यातलं. पाय धुणं, रडणं, सगळं.

माइकवर मी म्हणालो, "नाही. ती दार उघडते. पाय धुते. हे ह्या पोरांनी घुसडलंय."

पद्माकर स्टेजवरून ओरडला, "अण्णाकाका, कॅसेट तीनदा बघितलीय मी! आणू का? आत्ता लावू!"

"कॅसेटवाले वाट्टेल ते जोडतात रे," मी म्हणालो. "मी थेटरात पाहिलाय. तेव्हा तू नव्हतास झालेला."

लोक हसले. मला बरं वाटलं, हेही सांगून टाकतो. हसले तेव्हा मला बरं वाटलं. पहिला नंबर मी झारीवाल्यांना दिला.

पद्माकरनं दुसऱ्या दिवशी कॅसेट आणली, आईपुढं ठेवली. तिनं बघितलीच नाही. म्हणाली, "अन्ना खोटा कशाला बोलंल?" तिच्या लेखी सुनेनं देवीपुढं शब्द देऊन मोडला होता, आणि तोही कशासाठी — तर नवऱ्याला दाराबाहेर ठेवायला. चारचौघांत. पुढच्या वर्षी मंडळाचे लोक सुमनला विचारायला गेले, तर वहिनीनं त्यांना ओट्यावरूनच परत पाठवलं. सुमन स्वयंपाकघरात सुद्धा गुणगुणायची नाही, असं माझी बायको सांगायची. मी ऐकायचो आणि विषय बदलायचो.

पाचसहा वर्षांनी तो पिक्चर टीव्हीवर लागला, दुपारचा. घरात मी एकटा. मध्यंतरानंतरचा भाग जन्मात पहिल्यांदा बघितला. दार. कडी. ती पाठ लावून उभी. उघडत नाही. चाल तेवढी सोडली, तर पद्माकरनं पिक्चरबाहेरचं एक पाऊल टाकलेलं नव्हतं.

वहिनी तेव्हा जिवंत होती, चार घरं सोडून. चपला घालायच्या आणि जायचं, एवढंच होतं. मी चपला घातल्या पण, आणि वाडीत गेलो, केळींना पाणी लावत बसलो. वहिनी त्यानंतर सात वर्षं जगली. सात वर्षं! रोज दिसायची. मला म्हणायची, भावोजी, तुमच्यासारखा सरळ मानूस नाय.

काय म्हणावं अशा माणसाला? मी तर दुसऱ्याशी ह्याहून कमी गोष्टीसाठी आयुष्यभर बोललो नसतो.

गेल्या वर्षी पद्माकरच्या मुलीची हळद झाली, चंदनसारला. ते आता तिकडं फ्लॅटमध्ये असतात. बायका हळदीची गाणी म्हणत होत्या. कुणीतरी सुमनला म्हणालं, "तू घे की गं एक, मुलीची आई तू." सुमन हसली. "मला कुठं येतं गं गायला," म्हणाली. तिथं बसलेल्या कुणालाच काही माहीत नव्हतं, नव्या ओळखीची माणसं सगळी. मला माहीत होतं. पद्माकरला माहीत होतं, तो पंगतीत वाढत होता, त्यानं मान वर केली नाही.

मग सुमन माझ्याकडं आली, वडीलधारा म्हणून पहिलं ताट मला वाढलं. "अण्णाकाका, सावकाश जेवा," म्हणाली.

मी जेवलो. भात दुसऱ्यांदा मागून घेतला.