खुर्च्यांची एसटी

यशोधराला गर्दीचा राग कधीच आला नाही. वीस वर्षं एसटीत कंडक्टरकी करणाऱ्या बाईला तो परवडतही नाही. तिचं डोकं फिरायचं ते ब्रेक लागला की तोल जाणाऱ्या सभ्य गृहस्थांवर. त्यांचा तोल नेमका कॉलेजच्या पोरींवरच जायचा. एखाद्या पैलवानावर तो गेलेला तिनं वीस वर्षांत पाहिला नाही.

नोकरीच्या पहिल्या वर्षी असाच एकजण दहावीतल्या एका पोरीला रोज छळायचा. यशोधरानं पोरीला हाताला धरून उठवलं, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर नेऊन बसवलं आणि मोठं पुण्य केल्यागत तिकिटं फाडत राहिली. पण पोरीला जागेवरून का उठवलं, याची चर्चा त्याच संध्याकाळी गावात पोचली. आठवड्यात तिची शाळा बंद झाली, उन्हाळ्यात लग्न. तो माणूस मात्र त्याच बसनं, त्याच सीटवर येत राहिला, वर यशोधराला नमस्कारही घालायचा. "चोर सोडून संन्याशाला फाशी दिली म्या," असं ती आजही म्हणते.

त्या चुकीतूनच तिचा रविवार उभा राहिला. तिच्या गावी, कार्ल्यात, बुद्धविहाराच्या मागच्या खोलीत दोन-दोन प्लास्टिकच्या खुर्च्या मांडायच्या, मधे वाट सोडायची, की झाली बस. गावातली पंधरा ते वीस वर्षांची पोरंपोरी त्यात प्रवासी. एकानं छळायचं, बाकीच्यांनी काय करायचं ते करून दाखवायचं, असा खेळ. विहारात पोरी पाठवायला काही घरांना जड जायचं. यशोधराला ते ठाऊक होतं, म्हणून ती मुद्दाम चार खुर्च्या जास्तच मांडायची. छळणाऱ्याचं काम करायला कुणी तयार होईना, तेव्हा तेही तीच करायची, आणि असं करायची की पोरांना घाम फुटायचा.

पहिल्या रविवारी खेळ दहा वेळा झाला. दहाही वेळा पोरगीच उठली. कधी पुढं जाऊन बसली, कधी सरळ उतरून गेली. सगळ्यांना वाटलं, सुटला प्रश्न.

"तिकीट तिनंबी काढलंय न्हवं?" यशोधरा कडाडली. "मग उठायचं तिनंच का?"

पोरांतल्या ओंकारचा उपाय ठरलेला होता, एक मुस्काटात.

"मारामारी झाली की लोकं तुलाच बघत्यात," ती त्याला म्हणाली. "पोरगी ऱ्हाती बाजूला."

मग तिनं रीत घालून दिली. जो बघेल त्यानं मोठ्यानं 'थांबा' म्हणायचं, बाकीच्यांनी उठून उभं राहायचं, आणि काहीही करण्याआधी पोरीलाच विचारायचं, तुला काय पायजे. हे शेवटचं पोरांच्या पचनी पडायला चार रविवार गेले. घरात कुणी कुठल्या पोरीला असं विचारताना त्यांनी पाहिलंच नव्हतं, त्यांचा तरी काय दोष.

फाट्यावर वडापावची गाडी लावणाऱ्या कैलासची लेक सारिका या खेळात सगळ्यांत कमी बोलायची. बारावीत होती, लोणावळ्याला कॉलेजला जायची. एका रविवारी खुर्चीत बसल्या बसल्या ती म्हणाली, "मावशी, माझ्यासंगं हे खरंच व्हतंय. सात दहाच्या गाडीत. तीन महिनं झालं." "घरी कुणी सांगू नका. माझं कॉलेज बंद व्हईल."

पण गावात गोष्ट झाकून राहते होय? पुढच्या रविवारी खेळ ऐन रंगात असताना कैलास दारात उभा.

"सारिके, ऊठ. उद्यापास्नं कॉलेज बंद. शिकलीस तेवढं बास झालं." मग यशोधराकडं वळून, "आमच्या पोरींना हेच धंदे शिकवताय व्हय?"

त्यानं सारिकाचं मनगट धरलं. यशोधरा पुढं होणार तोच ओंकार ओरडला, "थांबा." आणि अख्खी बस उठून उभी राहिली. ओंकारच्या मुठी वळलेल्या असाव्यात, पण त्या खिशातच होत्या. सगळ्यांत धाकटी रेणुका कैलासकडं न बघता म्हणाली, "सारिकाताई, तुला काय पायजे? उतरायचंय का?"

"न्हाई," सारिका म्हणाली. बापाच्या डोळ्याला डोळा भिडवून म्हणाली.

"कैलासभाऊ," यशोधरा म्हणाली, "तीन महिनं ती त्या माणसाला भिऊन गप न्हाई ऱ्हायली. तुमाला भिऊन ऱ्हायली."

कैलासचा हात सुटला. त्यानं विचारलं, "कोण हाय त्यो?"

"भिमाजीकाका," सारिका म्हणाली.

भिमाजी रोज संध्याकाळी कैलासच्या गाडीवर चहा घेत. सारिका दहावी झाली तेव्हा पेढे घेऊन घरी आले होते. कैलास मटकन खुर्चीत बसला.

सोमवारी यशोधराची ड्युटी दुसऱ्या मार्गावर होती. तिनं डेपोत भांडून ती बदलून घेतली. सात दहाला फाट्यावर सारिका चढली, तिच्यामागं ओंकार, रेणुका, आणि सगळ्यांत शेवटी कैलास. तो लेकीशेजारी बसायला गेला, तशी यशोधरा आडवी आली.

"तितं न्हाई, भाऊ. पोरीवर पहारा कशाला? तिनं काय केलंय?" तिनं मागं बोट दाखवलं. "ज्यानं केलंय त्यो तितं बसलाय."

भिमाजी हसून सरकले. "या कैलासशेठ, आज इकडं कुटं?"

कैलास त्यांच्या शेजारी बसला, अगदी खेटून. भिमाजींचं हसू मावळलं. पुढच्याच थांब्यावर त्यांना काहीतरी काम आठवलं आणि ते उठू लागले. कैलासनं पाय आडवा घातला. यशोधरा त्यांच्याकडं बघतसुद्धा नव्हती. ती सारिकापुढं उभी होती.

"सांग बाय, तुला काय पायजे?"

सारिकाचा आवाज शेवटच्या सीटपर्यंत पोचला. "गाडी पोलीस ठाण्याला घ्या, मावशी."

दोघातिघांनी कुरकुर केली. कामाला उशीर होतो, घरच्या गोष्टी घरात मिटवाव्यात, वगैरे.

"ज्याला घाई असंल त्यानं खुशाल उतरावं," यशोधरा म्हणाली. "भिमाजी सोडून."